कोक्रेन लायब्ररी : जर्नल क्लबच्या कसोटीवर

नागपुरात वैद्यकाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा जर्नल क्लब, म्हणजे संशोधन लेखांवरील चर्चेची बैठक, घेताना ज्या ऑनलाइन सेवेवाचून माझे पान हलत नाही, ती कोक्रेन लायब्ररी. एखाद्या उपचारावर जगभर झालेल्या चाचण्या शोधून, त्यांचा दर्जा तपासून आणि आकडे एकत्र मांडून केलेल्या पद्धतशीर समीक्षा येथे मिळतात. गोषवारा व सोप्या भाषेतील सारांश सर्वांना मोफत आहे. संपूर्ण समीक्षा साधारणतः प्रसिद्धीनंतर वर्षभराने खुली होते.

नव्या रेसिडेंटांना मी सर्वप्रथम वाचायला देतो ती अकाली प्रसूतीचा धोका असलेल्या मातांना, बाळाची फुफ्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून, स्टेरॉइड देण्याविषयीची समीक्षा. ही लायब्ररी चालवणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हातील आलेखही याच उपचाराचा आहे. लिगिन्स आणि हावी यांची पहिली चाचणी १९७२ साली प्रसिद्ध झाली, परंतु सगळ्या चाचण्या एकत्र मांडून पाहायला १९८९ साल उजाडले. पुरावा हाताशी असूनही दरम्यानच्या काळात असंख्य मातांना हे इंजेक्शन मिळाले नाही. २०२० च्या आवृत्तीत २७ चाचण्या आणि ११,२७२ माता आहेत, आणि नवजात मृत्यूंचा धोका सुमारे एक-पंचमांशाने कमी होत असल्याचा निष्कर्ष आहे. निष्कर्षांच्या तक्त्यात दर हजारी किती बाळे वाचतात आणि त्या पुराव्यावर किती भरवसा ठेवावा, हे शेजारी शेजारी दिलेले असते. शिकवण्यासाठी याहून उत्तम पान मला ठाऊक नाही.

मात्र ही समीक्षा एकटी वाचून भागत नाही. आमच्या लेबर रूममध्ये गडचिरोली, भंडारा, बालाघाटकडून रेफर होऊन आलेल्या कितीतरी मातांची सुरुवातीची सोनोग्राफी झालेली नसते. पाळीची तारीख विचारली तर ‘पोळ्याच्या आसपास’ एवढेच उत्तर मिळते आणि त्यावरून गर्भाचे आठवडे मोजावे लागतात. म्हणून मी सोबत २०१५ ची ‘अ‍ॅक्ट’ ही चाचणी वाचायला लावतो. सहा देशांतल्या त्या चाचणीत नागपूर हेही एक केंद्र होते. गावपातळीपासून स्टेरॉइडचा वापर वाढवल्यावर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, उलट एकूण नवजात मृत्यू वाढलेले दिसले. पुढे २०२० मध्ये भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या ‘अ‍ॅक्शन’ चाचणीत, गर्भाचे वय सोनोग्राफीने निश्चित करून तेच औषध दिल्यावर, नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच असूनही निकाल का बदलला, यावर विद्यार्थी तासभर वाद घालतात, आणि तो वाद मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाचा वाटतो.

उणिवाही आहेत. समीक्षा फार लांबलचक असतात. रात्रभर ड्युटी केलेल्या रेसिडेंटने त्या अथपासून इतिपर्यंत वाचाव्यात, ही अपेक्षा अवाजवी आहे. कित्येक समीक्षा ‘पुरावा अपुरा आहे’ येथेच थांबतात, आणि समोर रुग्ण असताना तेवढ्याने निर्णय होत नाही. काही बऱ्याच वर्षांत अद्ययावत झालेल्या नाहीत, म्हणून शोधाची शेवटची तारीख आधी पाहावी आणि त्यानंतरच्या चाचण्या पबमेड या वैद्यकीय संशोधन लेखांच्या ऑनलाइन सूचीत शोधाव्यात. पदव्युत्तर शिक्षकांना मी ही सेवा निःसंकोच सुचवीन; राउंडवर दोन मिनिटांत उत्तर हवे असणाऱ्यांनी आधी निष्कर्षांचा तक्ता उघडावा.