कॉइनच्या नादात सिरीयल, 2 स्टार

दोन-दोन मिनटाचे एपिसोड दाखवणारं एक ॲप आहे, नाव नाही घेत. पहिले आठ-दहा भाग फुकट, मग कुलूप. उघडायला कॉइन पाहिजेत अन कॉइनसाठी रोज हजेरी, सलग 7 दिवस, सातव्या दिवशी सगळ्यात जास्त. झालं, आमच्या लातूरच्या घरात चहाच्या आधी हजेरी सुरू. आईला सिरीयल कशाबद्दल आहे तेच माहीत नाही, तरी चष्मा लावून कॉइनचं चक्र फिरवायली अन "पाचच आले की रे" म्हणून हळहळायली.

सहा दिवस नीट गेले. सातव्या दिवशी शेतात होतो, रेंज नाही, रात्री बाराला पाच कमी असताना घरी पोचलो तर ॲप नुसतं गरगर फिरायलंय, अन बारा वाजून गेले. परत दिवस पहिला! लई राग आला राव, अन खरं सांगू का, एपिसोड हुकल्याचा नव्हता, आकडा गेल्याचा होता.

यापेक्षा मॅचमधला खेळ बरा. 2018 च्या आयपीएलला हॉटस्टारवर पुढच्या बॉलला काय होणार ते ओळखायचं असायचं, 2023 ला जिओसिनेमावर तसाच ओळखायचा खेळ आला, जीतो धन धना धन. तिथं निदान डोळे मॅचवर तरी राहतात. इथं कॉइनसाठी जाहिराती बघत बसायचं, सिरीयल राहिली बाजूला.

डिलीट करणार होतो, पण आईचे 340 कॉइन पडून आहेत, ती करू देईना.