डंबार्टन ओक्स, वॉशिंग्टन : पत्रव्यवहारातून घडलेली बाग

बागरचनेत रस असलेल्याने वॉशिंग्टनमध्ये एकच बाग पाहायची ठरवली, तर जॉर्जटाऊनमधली डंबार्टन ओक्स पाहावी. मात्र जाण्याआधी ही बाग आखणाऱ्या बिअ‍ॅट्रिक्स फॅरंड यांचे 'प्लांट बुक' चाळावे. बाग हार्वर्ड विद्यापीठाच्या ताब्यात गेल्यावर तिची निगा कशी राखायची, कुठले झाड गेले तर जागी काय लावायचे, हे त्यांनी १९४१ मध्ये कोपऱ्या-कोपऱ्यानुसार लिहून ठेवले. ते छापून आले १९८० मध्ये.

मिल्ड्रेड आणि त्यांचे राजनैतिक अधिकारी पती रॉबर्ट ब्लिस यांनी ही जागा १९२० मध्ये घेतली. पुढे रॉबर्ट यांची नेमणूक आधी स्वीडनला, मग अर्जेंटिनाला झाली. मालक परदेशात, काम इथे. त्यामुळे बरेचसे निर्णय पत्रे, आराखडे आणि फोटोंतून झाले. फॅरंड कठड्याचा किंवा खांबावरच्या कळसाचा पूर्ण मापाचा तात्पुरता नमुना जागेवर उभा करून पाहत. उतारावर हे फार मोलाचे, कारण कागदावर बेताचा वाटणारा कठडा खालच्या मजगीवरून बघितला की अंगावर येतो.

पायऱ्या नीट पाहा. सलग सहांपेक्षा जास्त नकोत, मध्ये निदान तीन फुटांचे सपाट लँडिंग हवे, म्हणजे दोन पावले टाकून दम घेता येतो, असा त्यांचा दंडक होता. कोकणातल्या उतारावरच्या परसातही तो जसाच्या तसा लागू पडेल. गुलाबबागेत त्यांनी फुलांइतकाच विचार सदाहरित झुडपांच्या चौकटीचा केला. म्हणून ती हिवाळ्यातही उघडीबोडकी वाटत नाही.

सगळे मूळचे राहिलेले नाही, आणि ते चांगलेच झाले. 'एलिप्स' या लंबगोल भागाभोवतीची बॉक्सवुड झुडपांची भिंत ढासळल्यावर तिथे हॉर्नबीम झाडांची दुहेरी रांग आली. टेनिस कोर्टाच्या जागी उद्यानरचनाकार रूथ हॅवी यांनी दगडगोट्यांची बाग केली. तिच्यात ब्लिस घराण्याच्या चिन्हातली गव्हाची पेंढी आहे. गोट्यांवर पाण्याचा पातळ थर खेळता असेल तेव्हाच त्यांचे रंग उठतात. कोरडे गोटे फिके दिसतात, तेव्हा पाणी सोडले आहे का, हे आधी विचारा.

इथल्या दुर्मीळ ग्रंथांबाबत अपेक्षा बेताची ठेवा. मिल्ड्रेड यांनी जमवलेल्या वनस्पती आणि उद्यानविषयक ग्रंथांसाठी १९६३ मध्ये खास दालन झाले, पण ते आधी वेळ ठरवून येणाऱ्या अभ्यासकांसाठी आहे. नुसते बघायला गेलेल्याला प्रदर्शनात मांडलेलेच दिसते. जुने कागद-चित्रे जपायची तर हे योग्यच, तरी हळहळ वाटते.

बाग दुपारी दोनला उघडते, सोमवारी बंद. १५ मार्च ते ३१ ऑक्टोबर तिकीट लागते. आवारातले संग्रहालय मोफत आहे. बागेचे फाटक आर स्ट्रीटवर आहे, संग्रहालयाचे ३२व्या रस्त्यावर. यात लोक हमखास चुकतात. जॉर्जटाऊनला मेट्रो स्थानक नाही, ड्युपाँट सर्कलहून बस धरा किंवा चाला. चाकाच्या खुर्चीला बराच भाग अवघड जातो. खालचा ओढ्याकाठचा भाग राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. तिथे लव्हर्स लेन या वाटेने वेगळे, विनातिकीट जाता येते. वरच्या वस्तीतून लोंढ्याने येणाऱ्या पावसाच्या पाण्याने ओढ्याचे काठ खचतात आणि बाहेरून आलेल्या वेली माजतात, म्हणून तिथे चांगल्या तळव्यांचे बूट घालूनच उतरा.