नऊ वर्षांनी पुन्हा गड्डी हातात: नव्या टॅरो डेकबद्दल

आधी निकाल, मग कारणं. पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा पानांच्या पाठीसाठी कापलाय, अर्धा खोक्यासाठी. चित्रांच्या छपाईसाठी मात्र सहावा असता तर तोही दिला असता.

टॅरो म्हणजे अर्थ किंवा भविष्य वाचायला वापरतात ती ७८ चित्रपानांची गड्डी, म्हणजेच डेक. माझा डेक नेहमीचाच, रायडर-वेट-स्मिथ: रायडर प्रकाशक, वेट आखणारा, स्मिथ चित्रकार. १९०९ साली लंडनमध्ये पहिल्यांदा निघालेला. मी घेतलेली आवृत्ती फिक्या, जुनाट रंगांची आहे. पानं साधारण बारा सेंटीमीटर उंच आणि सात रुंद. अशा आवृत्त्या बरेच प्रकाशक काढतात, म्हणून नावापेक्षा काय तपासून घ्यायचं ते सांगते.

जुनी गड्डी कपाट आवरताना सापडली. मोजली तर ७७ पानं. पेंटॅकल्सची, म्हणजे नाण्यांच्या गटाची, दुर्री गायब. सोबत वहीही होती, तीत प्रत्येक पानापुढे तीन-तीन शब्द: सरळ आलं तर निळ्या शाईत, उलटं आलं तर लाल. चाचणी म्हणून वही मिटून अर्थ आठवून पाहिले. २२ मेजर अर्काना (स्टार, हर्मिट अशी नावांची मोठी पानं) बरेचसे आठवले, ५६ मायनरमध्ये (चार गट, पत्त्यांसारखे एक्क्यापासून राजापर्यंत) दाणादाण. एक्के आणि राजे-राण्या सोडल्या तर पाटी कोरी. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईला स्वतःचा निकाल असा लागलेला आवडत नाही. नवीन गड्डी मागवली.

मोह मांजरांच्या डेकचा होता, खोटं कशाला बोलू. पण खंड पडल्यावर परत येणाऱ्याने नवं जग शिकायला घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. ज्या चित्रांवर पहिल्यांदा शिकलो, तीच चित्रं घ्यावीत. शिवाय बहुतेक पुस्तकं आणि क्लास याच चित्रांवर बेतलेले असतात. एक इशारा: जुन्या मार्सेय पद्धतीच्या, म्हणजे फ्रेंच वळणाच्या, डेकमध्ये न्यायाचं पान आठवं आणि सामर्थ्याचं अकरावं असतं, वेटने त्यांची अदलाबदल केली. आकडे जुळले नाहीत तर स्मरणशक्तीला दोष देऊ नका.

आता छपाई. माझी कसोटी ठरलेली होती, स्वोर्ड्सची, म्हणजे तलवारींची, सत्ती. एक माणूस पाच तलवारी कवटाळून चवड्यांवर तंबूंपासून सटकतोय, मान मागे वळलेली, दोन तलवारी मागे जमिनीत रोवलेल्या. डाव्या बाजूला लांबवर काही माणसांचा इवलासा घोळका आहे. माझ्या जुन्या गड्डीत ते रंग इतके भडक आणि रेघा इतक्या जाड होत्या की तो घोळका म्हणजे एक डाग वाटायचा. नव्या पानावर चष्मा लावला की माणसं सुटी सुटी दिसतात. खिशात मावणारी छोटी आवृत्ती एका ओळखीच्या बाईंकडे पाहिली, तीत ती पुन्हा डागच झालीत. पन्नाशी ओलांडली असेल तर छोट्या आकाराच्या वाटेला जाऊ नका.

पिवळा रंग पिवळाधमक नाही, मळकट मोहरीसारखा आहे. आकाश जिथे राखाडी आहे तिथे खरंच राखाडी. कोपऱ्यात पामेला कोलमन स्मिथची गुंफलेली सहीची खूण स्पष्ट उमटलीय. ही सगळी चित्रं तिने काढली, आणि डेक मात्र कित्येक वर्षं प्रकाशक रायडर आणि वेट यांच्याच नावाने विकला गेला. तिने एका पत्रात लिहिलं होतं की काम मोठं केलं, पैसे मात्र अगदी थोडे मिळाले. सही नीट दिसली की मला उगाच बरं वाटतं.

मायनर पानांवरही पूर्ण प्रसंग काढलेले आहेत, हेच या डेकचं खरं भांडवल. मार्सेय पद्धतीत सत्ती म्हणजे सात तलवारींची नुसती मांडणी. आपल्या पत्त्यांत इस्पिकच्या सत्तीवर सात ठिपके असतात तसंच. टॅरोची सुरुवातही खेळानेच झाली, पंधराव्या शतकात, उत्तर इटलीत. मेजर अर्काना म्हणजे त्या खेळातली कायमची हुकमाची पानं. भविष्य वगैरे पार अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये चिकटलं.

आता तक्रारी. पाठीवर चौकटींची नक्षी आहे, दोन्हीकडून सारखी, म्हणजे पान उलटं आहे की सुलटं ते पाठीवरून कळायला नको. पण कटिंग तिरपं झालंय. एका टोकाची पांढरी कड दुसरीपेक्षा मिलिमीटरभर रुंद. तिसऱ्या दिवशी हे लक्षात आलं आणि तेव्हापासून डोळा तिथेच जातो. उलटी पानं वाचणाऱ्यांना हा दोष छळेल. मी पान ओढताना खिडकीबाहेर बघते. तुम्ही डेक घेतल्याबरोबर दहा-बारा पानांच्या पाठी शेजारी शेजारी लावून पाहा, बदलून मिळत असेल तर तेव्हाच मिळेल.

खोकं पातळ पुठ्ठ्याचं. झाकणाची जीभ दुसऱ्या आठवड्यात फाटली. रबर बँड लावायचा मोह टाळा, कडा चेपतात.

पानं गुळगुळीत आहेत, सुरुवातीला हातातून निसटतात. माझा उजवा अंगठा हल्ली दुखतो, त्यामुळे दोन अर्धे करून फरफर पिसणं बंद. टेबलावर पालथी पसरते आणि दोन्ही हातांनी ढवळते. बावळट दिसतं, पण पानं मस्त मिसळतात.

सोबतचं बुकलेट फारच किरकोळ. प्रत्येक पानाला दोन ओळी, अक्षर मुंगीएवढं. नवशिक्याला पुरणार नाही आणि परतणाऱ्याला नको. हो, नकोच. ते मुद्दाम सविस्तर सांगते.

मी थांबले होते ते कंटाळून नाही. एका मैत्रिणीची तपासणी झाली होती, रिपोर्ट यायचा होता, तिने पान काढायला सांगितलं. स्टार आलं. वहीत निळ्या शाईत लिहिलेलं होतं: आशा, बरं होणं, दिलासा. मी ते तिच्या तोंडावर वाचून दाखवलं आणि वर म्हटलं, काळजी सोड. रिपोर्ट वाईट आला. पुढचे आठ महिने तिचे उपचारांत गेले. तिने मला एका शब्दाने काही म्हटलं नाही. मी गड्डी कपाटात टाकली.

या नव्या गड्डीत स्टार पहिल्यांदा निघालं तेव्हा बुकलेट न उघडता ते समोर उभं करून ठेवलं. एक बाई गुडघा टेकून बसलीय. हातात दोन घडे. एक तळ्यात रिता करतेय, दुसरा जमिनीवर. एक पाय चक्क पाण्यावर टेकलेला. वर एक मोठा तारा, भोवती सात लहान, मागे झाडावर पक्षी. बाईच्या चेहऱ्यावर दिलासा बिलासा काही नाही, ती कामात आहे. इतकी वर्षं मी हे पान ओळखत होते, पाहिलं मात्र नव्हतं. त्या दिवशी मैत्रिणीला मी चित्र दाखवायला हवं होतं. मी शब्द वाचला.

तेव्हापासून पद्धत बदललीय. रोज एक पान, दहा मिनिटं नुसतं बघायचं, दिसलं ते लिहायचं, परत गड्डीत. दहा पानांची सेल्टिक क्रॉस मांडणी सध्या नाही. नवव्या दिवशी हर्मिट दुसऱ्यांदा आला आणि अंगावर काटा आला, मग शिक्षिका जागी झाली. ७८ पानांतून रोज एक काढून परत टाकलं, तर अकरा दिवसांत एखादं तरी पान पुन्हा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. हिशेब वहीतच मांडून ठेवलाय, पुन्हा काटा येईल तेव्हा कामाला येईल.

मैत्रीण गेल्या रविवारी आली होती. टेबलावर डेक पाहून म्हणाली, "अगं, परत सुरू केलंस? काढ की माझ्यासाठी एक." मी काढलं नाही. अख्खी गड्डी तिच्या हातात दिली, चित्रं वर करून. तिने निवांत एकेक बघितलं आणि स्वोर्ड्सच्या सत्तीवर थांबली. "ह्याने दोन मागे का सोडल्या गं? हातात मावल्या नाहीत, की मुद्दाम?" मला उत्तर आलं नाही. ती डेक दोन दिवसांसाठी घेऊन गेली. बुकलेट टेबलावरच राहिलं.