जुनी सुती साडी की जुनी जीन्स? थैलीसाठी कात्री लावण्याआधी

कपाट आवरायला घेतलं की जुन्या सुती साड्या आणि गुडघ्यात विरलेल्या जीन्स एकदमच बाहेर निघतात. बाजाराची थैली यातल्या कशाची शिवावी, हा प्रश्न मला 2018 च्या पावसाळ्यात पडला. राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर नुकतीच बंदी आली होती आणि जळगावच्या भाजीबाजारात जो तो आधी "भाऊ, थैली आणली का?" असं विचारत होता. मी पहिल्यांदा जीन्स उसवली. जाड कापड जास्त टिकणार, एवढा साधा हिशेब होता.

आणि ती टिकली. आईच्या पायमशीनवर शिवलेली ती पहिली थैली अजून वापरात आहे. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी आणि उडीद चक्कीवर न्यायचे तर सात-आठ किलो तिच्यात बिनघोर भरावेत. केळीचा चीक लागला तरी निळ्या रंगात डाग दिसत नाही. आपल्याकडे केळीचा घड घरी येतच असतो आणि चिकाचा काळपट डाग कापडावरून काही केल्या जात नाही, तेव्हा ही गोष्ट लहान समजू नये.

शिवताना त्रास होतो, पण तो आवरता येतो. पँटच्या बाजूची शिवण मुळातच दुमडून टीप घातलेली असते. थैलीच्या तळाची शिवण तिच्यावर आडवी आली की तिथे सहा-आठ पदर जमतात आणि 16 नंबरची सुई कट्कन मोडते. 18 नंबरची सुई लावावी, ती जाड जागा बत्त्याने ठोकून चपटी करावी, वरून मेणबत्ती चोळावी आणि तेवढे चार टाके पायाने न मारता चाक हाताने फिरवून घालावेत. एवढं केलं की जमतं. तेव्हा जीन्स मागे पडली ती सुईमुळे नाही.

मागे पडली ती घडीमुळे. जीन्सच्या थैलीची घडी खिशात मावत नाही. कितीही दाबली तरी उशीसारखी फुगते, म्हणून ती घरी खिळ्यावर राहते. ठरवून बाजाराला निघालो तर बरोबर येते, पण खरेदी काही दर वेळी ठरवून होत नाही. एकदा हिवाळ्यात फैजपूरहून भुसावळमार्गे परत येत होतो. बामणोदला रस्त्याच्या कडेला भरताची वांगी दिसली. हिरवी-पांढरी, हातात घेतल्यावर भरीव लागणारी, देठाचे काटे अजून टोचत होते इतकी ताजी. दोन किलो तोलून झाली आणि विकणाऱ्याने आपणहून पातळ प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. मी ती घेतली. घरी आलो तर मजबूत थैली खिळ्यावर जशीच्या तशी. मला ते फार लागलं. त्याच आठवड्यात आईची एक सुती साडी तिला विचारून मागून घेतली.

साडीची थैली दुहेरी शिवली तरी तिची घडी तळहाताएवढी होते. एक गाडीच्या डिकीत आणि एक पँटच्या खिशात, अशा दोन कायम बरोबर असतात. मेथी-कोथिंबिरीची माती लागली की चिमूटभर साबणात धुऊन होते आणि आपल्या उन्हात तासाभरात वाळते. जीन्सची थैली श्रावणात दोन दिवस ओलसर राहते, तिला वासही धरतो. शिवाय सुती धागा ओला झाल्यावर कमकुवत होत नाही, उलट थोडा बळकटच होतो. त्यामुळे पाणी मारलेली पालेभाजी भरताना जीव खालीवर होत नाही.

साडीत फसगत होते ती कापड निवडताना. पूर्ण साडी खिडकीच्या उजेडासमोर धरा. बसण्याउठण्याने झिजलेला भाग जाळीसारखा दिसेल, तो सोडून द्या. कमरेला खोचला जाणारा आणि निऱ्यांच्या आतला भाग बहुधा चांगला निघतो. तरी दोन्ही हातांनी ताणून पाहा, चर्र आवाज आला तर तो भाग पायपुसणीला ठेवा. एकेरी थैली शिवूच नका, वांग्याचे काटे आरपार येतात. साडेपाच मीटरच्या साडीतून, झिजलेला भाग वजा जाता, चाळीस बाय पंचेचाळीस सेंटिमीटरच्या चार-पाच दुहेरी थैल्या मला निघाल्या. साडी सिंथेटिक असेल तर तिच्या वाटेला न गेलेलं बरं. मशीनखाली सरकते, कडा सुटत राहतात. जुनी चादर चालते, पण ती मधोमध विरलेली असते आणि चांगलं कापड फक्त कडेला सापडतं. दुकानात कापडी म्हणून मिळणाऱ्या मऊ रंगीत पिशव्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच असतात. त्या या तुलनेत धरल्या नाहीत.

तुमच्याकडे आठवड्याला एकदाच आणि जड सामान येत असेल, किंवा दळणासाठीच हवी असेल, तर जीन्स खुशाल उसवा. माझीही दळणाला तीच जाते. पण एकच शिवायची असेल, तर मी साडीला कात्री लावेन.

काठ मात्र आधी कापून वेगळा ठेवा. तो घट्ट विणलेला असतो, त्याची बाहेरची कड सुटत नाही, त्यामुळे चार पदरी दुमडला की त्याचे थैलीला उत्तम बंद, म्हणजे धरायचे पट्टे, होतात. बंद नुसते वरच्या कडेला जोडू नका. कडेपासून चार बोटं आत घ्या आणि चौकोन घालून त्यात फुलीची टीप मारा, कारण थैली फाटते ती पहिल्यांदा तिथेच. साडीला फॉल लावलेला असेल तर तोही जपून उसवा. आतल्या शिवणींवर पट्टी म्हणून तो बरोबर बसतो.