पीएसक्यूएल, काही महिन्यांच्या वापरानंतर: एक तारा गप्प बसण्याबद्दल कापला

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला की बाहेर दिसणारा आयपी बदलतो आणि मुंबईच्या सर्व्हरवरचा पोस्टग्रेस डेटाबेस घरून लागेनासा होतो. होस्टिंगवाल्यांचं ठरलेलं उत्तर: "सर्व्हर चालू आहे, तुमच्या बाजूने तपासा." त्यांच्या फायरवॉलच्या (कोणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याच्या) यादीत जुनाच आयपी आहे, एवढं सांगायलाही तिकीट पुन्हा उघडायला लावतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसला टर्मिनलवरून जोडायचं साधन, फुकट आहे, हलकं आहे, आणि महागड्या ग्राफिकल टूलचं लायसन्स मी तरी घेणार नाही. गाऱ्हाणं एकच, पण मोठं: जोडणीची किती वेळ वाट बघायची ते ठरवणाऱ्या कनेक्ट_टाइमआउटला मुळात मर्यादाच नाही. फायरवॉल पॅकेट टाकून देत असेल तर लिनक्स जोडणी मागणारं तेच सिन पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतं आणि सुमारे दोन मिनिटांनी हार मानतं. होस्टनेमला दोन पत्ते असतील तर वेळ दुप्पट. तोवर स्क्रीनवर एक अक्षर नाही. रोज वापरायच्या साधनात हे चालवून घेऊ नये. शेलच्या सेटिंगमध्ये पीजीकनेक्ट_टाइमआउट ५ (सेकंद) ठेवा, आजच ठेवा. ही मर्यादाही प्रत्येक पत्त्याला वेगळी लागते, हे ध्यानात असू द्या.

मर्यादा घातल्यावर मात्र मत थोडं बदललं. नकार किती वेळाने आणि कोणत्या शब्दांत येतो, यावरून बिघाडाची जागा नेमकी कळते. टाइमआउट आला तर फायरवॉल किंवा सिक्युरिटी ग्रुप (क्लाउडवरची फायरवॉल) बघा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही एकदा करून बघा, कारण काही ऑफिसं बाहेर जाणारं ५४३२, म्हणजे पोस्टग्रेसचं नेहमीचं पोर्टच अडवतात. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' लगेच आलं तर बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. सर्व्हरने कोणत्या पत्त्यावर ऐकायचं ते ठरवणारं लिसन_अ‍ॅड्रेसेस मुळात लोकलहोस्टच (फक्त त्याच मशीनवरून) असतं. ते बदलल्यावर रीलोड पुरत नाही, रीस्टार्ट लागतो.

आणि 'फेटल: नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री' दिसलं तर आनंदच माना, नेटवर्क ठीक आहे. सर्व्हरला दिसलेला तुमचा आयपी त्याच ओळीत छापलेला असतो, तोच उचला. पीजी_एचबीए.कॉन्फ ही कोणाला कुठून आत घ्यायचं याची सर्व्हरवरची फाइल; ती वरून खाली वाचली जाते आणि जुळलेली पहिली ओळ अंतिम. तिथे पासवर्ड चुकला तर पुढची ओळ बघितलीच जात नाही. इथे रीलोड पुरतो. मेसेजच्या शेवटी 'नो एन्क्रिप्शन' असेल तर फाइलमध्ये होस्टएसएसएलची (फक्त एसएसएल, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणी घेणारी) ओळ आहे का आणि तुम्ही एसएसएलशिवाय आलात का, ते आधी बघा.

पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल तर पासवर्ड साठवलेली .पीजीपास फाइल उघडा. परवानगी ०६०० नसेल तर पीएसक्यूएल एक इशारा देऊन ती फाइल सोडून देतं. पासवर्डमध्ये कोलन असेल तर त्याआधी बॅकस्लॅश हवा. यूआरआय (सगळी माहिती एकाच ओळीत असलेला जोडणीचा पत्ता) वापरत असाल तर पासवर्डमधल्या @ च्या जागी %४० लिहा.

दुसरी कटकट, जोडलेलं कनेक्शन मध्येच मरतं. लिनक्सची कीपअलाइव्ह (शांत कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणारी सोय) ७२०० सेकंदांनी जागी होते, तर एडब्ल्यूएस क्लाउडचा नॅट गेटवे, म्हणजे आतल्या मशीनना बाहेर नेणारा दुवा, ३५० सेकंदांच्या शांततेनंतर कनेक्शन विसरतो. चहा पिऊन आलात की सेशन गेलेलं. कीपअलाइव्ह्स_आयडल ६० ठेवा. पीएसक्यूएल स्वतःहून पुन्हा जोडून घेतं, हे छान; पण उघडं ट्रान्झॅक्शन, टेम्पररी टेबलं आणि सेट केलेल्या गोष्टी गेलेल्या असतात. उलट जुनं सेशन सर्व्हरवर लॉक धरून बसलेलं असू शकतं, म्हणून आधी चालू सेशनची यादी, पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी, बघा.

बदलत्या आयपीवर स्टॅटिक आयपी घ्या असं सगळे सांगतात. दर महिन्याला पैसे कशाला? सर्व्हरवर एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनची सोय) चालू असतंच. ५४३२ बाहेरच्यांना पूर्ण बंद करा, एसएसएचला फक्त की ठेवा, पासवर्ड नाही, आणि टनेल (एसएसएचच्या आतून पोस्टग्रेसपर्यंतची वाट) काढा: एसएसएच -एन -एल ५४३३:लोकलहोस्ट:५४३२. लॅपटॉपच्या बाजूचं पोर्ट ५४३३च घ्या, कारण लॅपटॉपवरही पोस्टग्रेस असला तर ५४३२ त्याने अडवलेलं असतं. होस्ट म्हणून १२७.०.०.१ स्पष्ट द्या, नाहीतर पीएसक्यूएल युनिक्स सॉकेटकडे, म्हणजे लॅपटॉपवरच्याच पोस्टग्रेसकडे वळतं. जोडल्यावर \कॉनइन्फो (कुठे जोडलं गेलंय ते सांगणारी कमांड) बघितल्याशिवाय एकही अपडेट चालवू नका.

टनेलमधून एसएसएलमोड व्हेरिफाय-फुल (सर्टिफिकेट आणि त्यावरचं नाव दोन्ही तपासणारं) ठेवलं की सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही आणि कनेक्शन तुटतं. बरेच जण तिथे तपासणीच बंद करतात. तसं करू नका. होस्टमध्ये सर्व्हरचं खरं नाव आणि होस्टअ‍ॅडरमध्ये १२७.०.०.१ द्या: नाव होस्टवरून तपासलं जातं, जोडणी होस्टअ‍ॅडरवर होते. हे सगळं .पीजी_सर्व्हिस.कॉन्फमध्ये एकदा लिहून ठेवलं की नंतर नुसतं सर्व्हिसचं नाव पुरतं. ही सोय बघून कापलेल्या ताऱ्यातला अर्धा परत देतोय.