मॅनेजरला पटवायचं कसं: सादरीकरण की एका लाइनवर प्रयोग?

'आपली कंपनी शिकणारी संस्था व्हायला हवी', म्हणजे रोजच्या कामातल्या चुकांतून सगळ्यांनी मिळून शिकत राहायला हवं, असं म्हटलं की प्रॉडक्शन मॅनेजरच्या कपाळावर आठी पडते. "रविवारी ठेवा तुमचं ट्रेनिंग," हे उत्तर मी चाकणमध्ये अनेकदा ऐकलंय. त्यामागची काळजीही खरी आहे: डिस्पॅच चुकला तर बोलणी त्यालाच खावी लागतात.

सादरीकरणाचा मार्ग सरळ दिसतो. कन्सल्टंट, पीपीटी, वरच्यांची सही. मंजुरी मिळाली की बजेट येतं आणि सगळ्या प्लँटमध्ये एकदमच सुरुवात करता येते. पण ज्याला शंका आहे तो मीटिंगमध्ये मान डोलावतो आणि नंतर ट्रेनिंगला माणसं सोडत नाही.

प्रयोगाला एक प्रॉडक्शन लाइन आणि सहा आठवडे पुरतात. शिफ्ट बदलताना दहा मिनिटं, उभ्याउभ्याच: काय व्हायचं होतं, काय झालं, फरक का पडला, उद्या काय करायचं? अमेरिकी लष्कराने १९७०च्या दशकात सरावानंतरच्या आढाव्यासाठी ही पद्धत घडवली. आमच्याकडे सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) टूल बदलला की पहिले काही नग रिजेक्ट व्हायचे, तेही फक्त दिवसपाळीत. चौथ्या दिवशी उलगडा झाला. रात्रपाळीच्या ऑपरेटरने ऑफसेटचे (नव्या टूलच्या मापाप्रमाणे मशीनला द्यायच्या दुरुस्तीचे) आकडे पुठ्ठ्यावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले होते. तो तेलकट पुठ्ठा हातात घेऊन मॅनेजरसाहेबांनीच विचारलं, "बाकीच्या मशीनवर का नाही हे?" माझ्या कुठल्याही स्लाइडने हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला नसता.

प्रयोगाची लंगडी बाजूही आहे: यश त्याच लाइनवर अडकतं. जनरल मोटर्सने कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटचा १९८२मध्ये बंद केलेला कारखाना १९८४मध्ये टोयोटाबरोबर पुन्हा सुरू केला. बहुतेक कामगार जुनेच. अनेकांना जपानला नेऊन काम दाखवलं, दोरी ओढून लाइन थांबवायची मुभा दिली. दर्जा सुधारला. तरी जनरल मोटर्सच्याच व्हॅन नाइजच्या कारखान्यात तीच पद्धत रुजली नाही. कामगारांना सेवाज्येष्ठता जाईल अशी धास्ती होती, सुपरवायझरांना अधिकार.

म्हणून माझं मत: मॅनेजर साशंक असेल तर प्रयोगच करा, त्याच्याच लाइनवर, त्यानेच निवडलेल्या त्रासावर. प्लँट हेड आधीच तुमच्या बाजूने असेल आणि तीन-चार प्लँटना एकच पद्धत लावायची असेल, तरच आधी सादरीकरण. पुढच्या लाइनवर जाताना मात्र तुम्ही बोलू नका. पुठ्ठा पाहिलेल्या मॅनेजरला बोलू द्या, आणि तिथल्या सुपरवायझरला आधी विचारा, यात आपलं काय जाईल असं त्याला वाटतं.