रनिंग क्लब बघायचा तर मंगळवारी जा: पुण्यातला अनुभव

पुण्यात पहाटे साडेपाचला पाषाण रोडला गेलात तर एकाच रस्त्यावर चार-पाच क्लबांचे टी-शर्ट दिसतात. प्रत्येक जण 'आमच्याकडेच या' म्हणतो, आणि अगदी मनापासून म्हणतो. मी गेल्या उन्हाळ्यापासून एका क्लबात आहे, त्याआधी काही महिने दुसरीकडे होते. नावं मुद्दाम लिहीत नाही. एकाच क्लबच्या दोन केंद्रांवर कोच वेगळे असले की सगळंच बदलतं. कोथरूडच्या बॅचबद्दल ऐकलेलं कौतुक बाणेरच्या बॅचला लागू पडेलच असं नाही.

क्लब बघायला बहुतेक जण रविवारी जातात. रविवारचा लाँग रन सगळीकडेच छान असतो. पाण्याची गाडी असते, केळी-चिक्की असते, नंतर पोहे आणि फोटो. त्यावरून काहीच कळत नाही. मंगळवारी जा, ट्रॅकवर इंटरव्हल, म्हणजे थोडं जोरात आणि थोडा आराम असा आलटून-पालटून सराव असतो तेव्हा, आणि शेवटच्या माणसाकडे बघत राहा.

आधीच्या क्लबात सगळ्यांना सारखाच सराव असायचा: एक किलोमीटर जोरात, मग थोडा आराम, असं पाच वेळा. पाचच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं या वेगाने धावणाऱ्याचा तो जोर पाच मिनिटांत संपतो, मला त्याच किलोमीटरला साडेसात मिनिटं लागतात. म्हणजे कागदावर सराव एकच, पण माझ्या पायांवरचा ताण दीडपट. शिवाय आम्ही मागचे पोचेपर्यंत पुढच्यांचं स्ट्रेचिंग उरकलेलं असायचं आणि कोच गाडीकडे निघालेले असायचे. आताच्या क्लबात अंतर सांगतच नाहीत, मिनिटं सांगतात. चार मिनिटं जोरात, दोन मिनिटं चाल. शिट्टी वाजली की जो जिथे असेल तिथे थांबतो. सगळ्यांचा सराव एकाच वेळी संपतो आणि स्ट्रेचिंगला सगळे एकत्र असतात. नवीन क्लबात गेलात तर एवढं एक जरूर विचारा, सराव मिनिटांत देता की किलोमीटरमध्ये?

दुसरी गोष्ट, सावकाश धावायच्या दिवशी खरंच सावकाश धावतात का. घोळक्यात पेस नकळत वाढतो, कुणी थोडं पुढे गेलं की बाकीचे ओढले जातात. आमच्या ग्रुपची पेसर, म्हणजे वेग सांभाळणारी ताई त्या दिवशी सगळ्यांना बोलतं ठेवते. ज्याला पूर्ण वाक्य बोलता येत नाही त्याचा वेग जास्त आहे, असा साधा नियम. पावसाळ्यात माझी नडगी दुखायला लागली तेव्हा कोचनी आधी बूट उलटे करून तळवे पाहिले, मग नेमकं कुठे दाबल्यावर दुखतं ते विचारलं. दुखणं बोटाएवढ्या एकाच जागी होतं, म्हणून धावणं तिथेच बंद करून फिजिओकडे पाठवलं. परत आल्यावर सुरुवात चालण्यापासून. आधीच्या ठिकाणी अशा वेळी ग्रुपवर 'बर्फ लावा' एवढंच उत्तर यायचं.

तुम्हाला कशासाठी तयारी करायची आहे, तेही आधी स्पष्ट सांगा. माझं लक्ष्य सातारा हिल हाफ मॅरेथॉन होतं. 2012 पासून होणारी ही स्पर्धा यवतेश्वरचा घाट चढून वर जाते आणि त्याच रस्त्याने खाली येते. सगळे चढाची भीती घालतात, पण मांड्या भरून येतात त्या उताराने. आमच्या कोचनी एनडीए रोडला आणि वेताळ टेकडीवर उतारावरची धाव वेगळी करून घेतली: लहान पावलं, अंग किंचित पुढे, टाच आपटायची नाही. साताऱ्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी जिना उतरून ऑफिसला गेले, त्याचं सगळं श्रेय या सरावाला. काही क्लबांत कॉम्रेड्सची हवा असते. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या नव्वदेक किलोमीटरच्या शर्यतीला जाणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण पहिली दहा किलोमीटर धावू पाहणाऱ्याला तिथे सोबत मिळते का, हे तपासून घ्या.

बायकांसाठी थोडं वेगळं. लाँग रनच्या रस्त्यावर पहाटे उघडं असलेलं स्वच्छतागृह कुठे आहे, हे विचारायला लाजू नका. आमच्याकडे रविवारचा रस्ता ठरवतानाच ते बघतात. अंधारात कुणीही एकटी मागे राहत नाही, शेवटच्या धावणाऱ्याबरोबर कुणीतरी असतंच. माझ्या घरचे निर्धास्त आहेत ते त्यामुळे.

आता उणिवा. फी तीन महिन्यांची एकदम भरावी लागते, मध्ये सोडलं तर परत मिळत नाही. व्हॉट्सअॅपवर तीन ग्रुप आणि दिवसभर मेसेज. प्रत्येक स्पर्धेच्या आधी नवा टी-शर्ट घ्यायचा आग्रह होतो, तो मला पटत नाही. स्ट्रेंथचा सराव आठवड्यातून एकदाच होतो, तो कमी पडतो. मी घरी स्क्वॉट आणि काफ रेझ वेगळे करते.

संध्याकाळची बॅच नाही. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी किंवा पहाटे मुलांचा डबा असणाऱ्यांनी आधी वेळेचं बघावं. आमच्या बॅचमधल्या एका मैत्रिणीला एवढ्याच कारणासाठी सोडावं लागलं, आणि कोचना कितीदा सांगूनही संध्याकाळचं अजून काही ठरलेलं नाही.